'इज'मध्ये तो काय करतो?

दिवाळीच्या सुटीत आमची नात पुण्याहून शेलूबाजारला आली ती दोन बॅगा घेऊन. एकीत कपडे होते, दुसरीत सुटीचा अभ्यास. पूर्वी पाहुणे येताना मिठाईचा पुडा आणीत. आता कागदांचा गठ्ठा आणतात. वसुबारसेची संध्याकाळ होती. स्वयंपाकघरात चकलीचा घाणा चालू, पडवीत सोयाबीनची पोती भिंतीला लावून ठेवलेली, आणि आमची ही तिसरीतली विदुषी ओट्यावर मांडी ठोकून एका छापील कागदावर पेन्सिलीने गोल काढीत बसलेली.

कागदाच्या माथ्यावर आज्ञा छापली होती : 'सर्कल द ॲक्शन व्हर्ब्ज.' म्हणजे ज्या शब्दांत काही क्रिया घडते त्या शब्दांभोवती गोल काढा. खाली वीसेक शब्द. 'रन', 'ईट', 'जम्प' यांना तिने झपाझप वेढा घातला. मग पेन्सिल थबकली.

"आबा, झोपणं ही ॲक्शन आहे का?"

मी चष्मा पुसला. चष्मा पुसणे ही आम्हा मास्तर लोकांची वेळ काढण्याची जुनी युक्ती आहे.

"का गं? तुला काय वाटतं?"

"झोपलेला माणूस काहीच करत नाही ना? म्हणून मागच्या चाचणीत मी 'स्लीप'ला गोल केला नाही, तर चूक दिली. मग 'थिंक'ला केला, विचार तर आपण करतोच की! तर तेही चूक. म्हणे, ॲक्शन दिसली पाहिजे."

आतून तिच्या आजीचा आवाज आला, "तुझे आबा झोपले की साऱ्या आळीला ॲक्शन ऐकू येते. दे गोल बिनधास्त!"

सारे हसले. मीही हसलो, पण रात्री मला झोप लागेना. आता 'झोप लागणे' ही क्रिया मानावी की मानू नये, हा प्रश्न त्या कागदवाल्यांनी सोडवावा. मला जे सुचले ते मी इथे लिहितो आहे. ते गोड नाही. सणासुदीच्या अंकात कडू बोलू नये म्हणतात, परंतु नरकचतुर्दशीला पहाटे पायाखाली कारीट फोडून त्याचा रस जिभेला लावायची चाल आपल्याकडे आहेच. तेवढा कडवटपणा वाचकांनी सोसावा.

मी एका हायस्कुलात एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. एकतीस जून महिन्यांत, पहिल्या आठवड्यात, फळ्यावर खडूने एकच वाक्य लिहिले : 'अ व्हर्ब इज अ डूइंग वर्ड.' क्रिया दाखवतो तो शब्द म्हणजे क्रियापद. मुले ते वहीत उतरवीत, पाठ करीत, परीक्षेत ओकीत. ते वाक्य खोटे आहे. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे, म्हणजे ओघानेच आधी माझ्याविरुद्ध आहे.

ते खोटे आहे हे मला एका मुलाने फार वर्षांपूर्वी सांगितले होते. त्याचे नाव लिहीत नाही. आसपासच्या एका खेड्यातून तो पायी शाळेत येई. पावसाळ्यात पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, दप्तर खताच्या पिशवीचे. मी व्याख्या लिहिली, खाली उदाहरण लिहिले, 'राम इज अ बॉय', आणि विचारले, यातले क्रियापद कोणते? वर्ग एका सुरात ओरडला, "इज!" हा मात्र उभा राहिला.

"गुर्जी, राम पोरगा हाय, थे बराबर. पन 'इज' मंदी थो करून काय राह्यला?"

वर्ग फुटला. हसण्याचा लोंढा ओसरला तेव्हा मी काय करावे? मी म्हणालो, "तो काय करून राह्यला ते सोड, तू काय करून राह्यला ते सांग! आधी मराठी नीट बोलायला शीक, मग इंग्रजी." आणि त्याला बाकावर उभे केले. वर्गाला मी फार विनोदी वाटलो. तो मुलगा त्या दिवसानंतर इंग्रजीच्या तासाला कधीही काही विचारता झाला नाही. मॅट्रिकला इंग्रजीतच गेला. हा योगायोग असेल. मी मात्र तो योगायोग म्हणून कधी पचवू शकलो नाही.

कारण त्याचा प्रश्न बरोबर होता. आणि तो नवाही नव्हता.

ज्या इंग्रजांच्या व्याकरणाची आम्ही आरती करतो, त्यांचे एकेकाळचे सर्वांत खपाचे व्याकरण लिंडले मरे याचे. हा गृहस्थ जन्माने अमेरिकन, पेशाने वकील. पुढे इंग्लंडात यॉर्कजवळ राहिला आणि तिथल्या एका मुलींच्या शाळेतील शिक्षिकांच्या विनंतीवरून त्याने १७९५ साली हे पुस्तक काढले. त्याने क्रियापदाच्या वाट्याला एक नव्हे, तीन कामे दिली होती : असणे, करणे आणि सोसणे. पुढच्या पाठ्यपुस्तकवाल्यांनी पोरांना सोपे जावे म्हणून त्यातले 'असणे' टाकले, 'सोसणे' टाकले, आणि 'करणे' तेवढे ठेवले. तीन पायांच्या तिवईचे दोन पाय कापायचे आणि वर पोराला म्हणायचे, बस!

बरे, मरेचेही राहू द्या. आपल्या घरात काय होते? निरुक्तकार यास्काने शब्दांच्या चार जाती मानल्या : नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. आख्यात म्हणजे आपले क्रियापद. त्याची ओळख सांगताना तो 'भाव' हा शब्द योजतो आणि वार्ष्यायणि नावाच्या आचार्याच्या आधाराने त्या भावाचे सहा विकार मोजतो : जन्मणे, असणे, बदलणे, वाढणे, झिजणे, नाहीसे होणे. पाहा गंमत! या सहांत धावणे नाही, उडी मारणे नाही. दुसऱ्याच क्रमांकावर चक्क 'असणे' बसले आहे. माझ्या वर्गातल्या त्या पोराने बाकावर उभे राहून जे विचारले त्याचे उत्तर हजारो वर्षांपूर्वी देऊन झाले होते. ते मास्तराला ठाऊक नव्हते, म्हणून शिक्षा विद्यार्थ्याला झाली.

मग आमच्या मराठीत ही इंग्रजी चौकट शिरली कशी? मराठीचे एक आरंभीचे छापील व्याकरण १८०५ साली निघाले तेच मुळी इंग्रजीत, श्रीरामपूरच्या विल्यम केरीचे, साहेबांना मराठी शिकता यावी म्हणून. पुढे १८३६ साली दादोबा पांडुरंगांचे व्याकरण आले. दादोबांना मराठीचे पाणिनी म्हणतात आणि त्यांच्या कर्तृत्वाबद्दल मला अपार आदर आहे. पण त्यांच्या डोळ्यांसमोर इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता, हे लपवण्यात अर्थ नाही. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी ही आठांची पंगत आपण सनातन समजतो. ती इंग्रजीच्या आठांसमोर पाट मांडून बसलेली आहे. मोरो केशव दामल्यांनी १९११ साली आपल्या प्रचंड 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त या साऱ्याची कसून झडती घेतली, अरविंद मंगरुळकरांनी १९६४ साली पुनर्विचार मांडला. पंडितांचे वाद पंडितांपाशी राहिले. शाळेत पोचली ती फक्त आठ नावे आणि त्या प्रत्येकाची एक ओळीची व्याख्या.

इथे कोणी म्हणेल, "अहो, लहान मुलांना सोपे करूनच सांगावे लागते." जरूर सांगा. चंद्राला आपण मामा म्हणतो. परंतु भूगोलाच्या पेपरात 'चंद्र पृथ्वीचा कोण?' या प्रश्नाला 'भाऊ' लिहिणाऱ्यास कोणी मार्क देत नाही. सोपे सांगणे वेगळे आणि खोटे सांगून त्यावर परीक्षा घेणे वेगळे. आमच्या नातीने 'स्लीप'ला गोल दिला नाही तो व्याख्या समजली म्हणून. 'थिंक'ला दिला तोही समजली म्हणून. ज्या परीक्षेत समजलेली मुले चुकतात आणि न समजता ओरडणारी मुले पास होतात, ती परीक्षा कोणाची आहे?

आणि मुळात हे सुट्टे शब्द छापून त्यांची जात विचारणे, हाच पहिला प्रमाद. वाक्याबाहेर पडलेल्या शब्दाला जात नसते. इंग्रजीत तर नसतेच नसते. 'रन' हा शब्द घ्या. मैदानावर पोरगा धावतो तेव्हा ते क्रियापद. विराट कोहलीने काढलेली 'रन' हे नाम, तिला शतकात मोजतात. 'फास्ट' घ्या. 'फास्ट' गाडी असते तेव्हा ते विशेषण. माणूस 'फास्ट' पळतो तेव्हा क्रियाविशेषण. आमची आजी एकादशीला 'फास्ट' करते तेव्हा नाम. आणि 'शी फास्ट्स ऑन एकादशी' म्हटले की तेच क्रियापद. एकच माणूस घरात बाप असतो, सासुरवाडीला जावई असतो, बाजारात गिऱ्हाईक असतो आणि एस. टी. त उभा असला तर नुसता उतारू असतो. त्याला कागदावर एकटा उभा करून 'तू कोण?' म्हणून विचारले तर तो बिचारा काय सांगेल?

आपल्याकडेही तेच. 'वर पाहा' यात 'वर' क्रियाविशेषण. 'झाडावर' यात शब्दयोगी. 'वर आणि वधू बोहल्यावर चढले' यात तोच नवरदेव होऊन बसतो, आणि देवाने दिला तर तो आशीर्वादही असतो. हे मराठी मुलाला कोणी शिकवत नाही, कारण शिकवावे लागत नाही. तो वाक्य ऐकतो.

हे मी हवेत बोलत नाही. पाडव्याच्या दुपारी ओट्यावर पाच-सहा मुले जमली होती : आमची नात, शेजारचा जिल्हा परिषदेच्या शाळेतला चौथीतला मुलगा, आणखी इकडची तिकडची. मी त्यांना एक वाक्य सांगितले, ज्यात अर्थ म्हणून औषधालाही नाही : 'टिंबुऱ्या गपळ्याने दोन भुर्कुंड्या चिमळल्या.' आणि विचारले, हे कोणी केले? "गपळ्यानं!" गपळ्या कसा होता? "टिंबुऱ्या!" किती आणि काय? "दोन भुर्कुंड्या!" काय केले त्याने? "चिमळल्या!" एकाही पोराला 'चिमळणे' म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, मलाही नाही. त्यात ॲक्शन आहे की नाही हे कोणाच्या बापाला कळणार नाही. तरी क्रियापद सर्वांनी बिनचूक धरले. त्याच्या शेपटावरून धरले, वाक्यातल्या जागेवरून धरले. भुर्कुंड्या दोन म्हणून 'चिमळल्या'. एक असती तर 'चिमळली', हेही त्या चौथीतल्या पोराने न विचारता सांगितले. व्याकरण म्हणतात ते याला, आणि ते त्या पोराच्या डोक्यात आयते पडले आहे.

इंग्रजी क्रियापदही असेच धरायचे असते. काल घडले म्हटले की जे रूप बदलते, 'प्ले'चे 'प्लेड' होते, 'गो'चे 'वेन्ट' होते आणि 'इज'चे 'वॉज' होते, ते क्रियापद. नाम काल आणि आज तसेच राहते. 'राम इज अ बॉय' याला पन्नास वर्षे मागे ढकला : राम तोच, बॉय तोच, बदलतो फक्त 'इज'. झाले! सापडले क्रियापद. यात क्रियेचा संबंध कुठे आला? चार्ल्स फ्रीझ नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९५२ साली इंग्रजीच्या घडणीवर पुस्तक लिहिले. त्यासाठी त्याने जुन्या ग्रंथांतली वाक्ये वेचली नाहीत. साध्या माणसांची टेलिफोनवरची संभाषणे ध्वनिमुद्रित करून तपासली. आठांची जुनी पंगत त्याने उठवली, शब्दांचे चार मोठे वर्ग केले, बाकीचे पंधरा लहान गट केले, आणि त्यांना 'नाम', 'क्रियापद' ही नावेसुद्धा दिली नाहीत. वाक्यात शब्द कुठे बसतो एवढेच पाहिले. त्या पुस्तकाला सत्तर वर्षे उलटून गेली. आमच्या सुटीच्या अभ्यासापर्यंत ते अजून पोचायचे आहे.

आता माझ्या मनातला खरा मुद्दा. 'ॲक्शन व्हर्ब' हा भेद निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. इंग्रजीत तो आहे आणि त्याने इंग्रजी बोलणाऱ्याचे पाय अडतात. 'आय ॲम ईटिंग' चालते. 'आय ॲम नोइंग' चालत नाही. जे करण्यातले असते त्याला 'इंग' लागतो. जे नुसते असण्यातले, कळण्यातले, मालकीतले असते त्याला सहसा लागत नाही. तेही पुन्हा शब्दाला चिकटलेले नाही. 'आय हॅव अ बुक' ही स्थिती, 'आय ॲम हॅविंग टी' ही क्रिया, शब्द तोच. नातीच्या 'थिंक'चेही हेच. माझे मत असते तेव्हा तो 'थिंक' स्थितीतला, आणि मी डोके धरून विचार करीत बसतो तेव्हा तो क्रियेतला. म्हणजे तिचा गोल अर्धा तरी बरोबर होता. 'स्लीप'चे तर पुरे बरोबर धरता येते : 'ही इज स्लीपिंग' इंग्रज बेधडक म्हणतो, झोपलेला माणूस हातपाय हलवो न हलवो. दिसण्या-न दिसण्याचा संबंध नाही.

हा भेद मराठी मुलाला शिकवायला कागद लागतो का? त्याच्या तोंडात तो जन्मापासून आहे! मी पाहतो, मला दिसते. मी ऐकतो, मला ऐकू येते. पाहणे माझे काम आहे, दिसणे माझ्याकडे चालून येते. इंग्रजीतले 'लुक' आणि 'सी', 'लिसन' आणि 'हिअर' यांतले अंतर नेमके हेच आहे. मी करतो तिथे 'मी' आहे. मला आवडते, मला कळते, मला आठवते, मला भूक लागते, मला माहीत आहे, इथे करणारा कोणीच नाही. मी आपला 'ला' प्रत्यय लावून उंबऱ्यावर उभा आहे आणि गोष्टी माझ्यापर्यंत येत आहेत. मरेसाहेबाचे 'सोसणे' ते हेच. आमच्या वऱ्हाडात तो 'ले' असतो : मले दिसते, मले समजते, मले माहीत हाय. त्या एका 'ले'मध्ये इंग्रजी मास्तराचा आठवड्याचा पाठ बसला आहे. जो मुलगा 'मले माहीत हाय' म्हणतो त्याला 'आय ॲम नोइंग' म्हणायला आम्ही शिकवले. रोज शंभर वाक्यांना 'इंग' लावायचा सराव देऊन शिकवले.

आणि त्या 'करून राह्यला'ची कथा तर याहून दुःखाची. पुण्याचा मुलगा 'जातोय' म्हणतो, वऱ्हाडातला 'जाऊन राह्यलो' म्हणतो. दोघांनाही इंग्रजीचा चालू काळ पेलायला आपापले हत्यार आहे. 'मी शाळेत जातो' हे रोजचे, 'मी शाळेत जाऊन राह्यलो' हे या घटकेचे. रेघ इतकी स्वच्छ की 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' तिच्यावर अलगद बसावे. पण आम्ही काय करतो? "जाऊन राहिलास? मग तिथेच राहा!" हा विनोद वऱ्हाडातल्या किती वर्गांत झाला असेल! मी स्वतः केला आहे. आधी त्याच्या हातातले हत्यार काढून घ्यायचे, मग परके हत्यार द्यायचे, आणि ते हातात बसत नाही म्हणून त्याला मठ्ठ ठरवायचे.

हे कोणत्या भूमीत, तर आमच्या वाशीमच्या परिसरात! वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. इथल्या सर्वसेन राजाने प्राकृतात 'हरिविजय' काव्य रचले. संस्कृत पंडितांनी काव्यरीतींमध्ये जिला पहिले पान दिले ती वैदर्भी आमच्या विदर्भाच्या नावाची, आणि प्राकृतात तिला 'वच्छोमी' म्हणत ते याच वत्सगुल्मावरून. ज्या मातीच्या नावाने गोड बोलण्याची रीत ओळखली गेली, त्या मातीतल्या पोराला बोलता येत नाही म्हणून बाकावर उभे करणारा मी! असो.

माझ्यासमोर दोन फळ्या आहेत, आणि दोन्हींशी माझे भांडण आहे. पहिली कागदवाल्यांची, त्यांचे झाले. दुसरी 'स्पोकन इंग्लिश'वाल्यांची. ते म्हणतात, व्याकरण फेकून द्या, पोराला धडाधड बोलू द्या. ऐकायला छान. पण ज्याच्या घरात, आळीत, बाजारात इंग्रजीचा एक शब्द कानी पडत नाही, त्याने धडाधड बोलायचे कोणाशी? म्हशीशी? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आली. इयत्ता खाली आणली, पण ऐकायला मिळणारी इंग्रजी काही वाढली नाही. अशा मुलाला वाक्याची घडण उघडून दाखवावीच लागते. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला वापरून आमच्या वाडवडिलांनी इंग्रजी कमावली ती काही बोलून नव्हे. मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवून. त्या पद्धतीला आज हसतात. हसणाऱ्यांनी एकदा ती चाळून पाहावी. तिच्यात मुलाच्या भाषेला निदान दाराबाहेर तरी उभे करीत नाहीत. व्याकरण मला हवे आहे. परंतु ते मुलाच्या बोलीतून निघालेले हवे, आणि आधी शेकडो वाक्ये कानातोंडातून गेल्यावर हवे. तिसरीत मुळीच नको.

तिसरीत काय हवे, तर 'ॲक्शन' खरोखरीची हवी. हॅरॉल्ड पामर आणि डोरोथी पामर यांनी १९२५ साली 'इंग्लिश थ्रू ॲक्शन्स' हे पुस्तक काढले ते जपानी मुलांसाठी : मास्तराने हुकूम सोडायचा, मुलाने करून दाखवायचे. पुढे अमेरिकेत जेम्स ॲशर यानेही हीच वाट रुंद केली. मला वाटले, करून पाहू. भाऊबीजेच्या सकाळी अंगणात पोरे उभी केली. "रन!" धावली. "जम्प!" उड्या. "लुक!" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. "सी!" म्हटले तर गोंधळली. शेजारचा मुलगा म्हणाला, "गुर्जी, दिसन त दिसन. हुकूम सोडून कसं दिसन?" मी त्याच्याकडे पाहातच राहिलो. नंतर "स्लीप!" म्हटले तर सगळी अंगणात आडवी. "नो!" म्हटले तर कोणी हलेना. हुकूम सोडता येतो ती क्रिया, सोडता येत नाही ती स्थिती, ही कसोटी अगदी तंतोतंत नव्हे हे मला ठाऊक आहे. पण ती मी सांगितलेली नव्हती, पोरांनी काढलेली होती. कागदावर वीस गोल काढून त्यांना एवढे मिळाले नसते. आणि फराळही पचला.

आता त्या बाकावरच्या मुलाचे सांगून थांबतो. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला तेव्हापासून आमच्या शेलूबाजारला चढ-उताराचा मोठा फाटा झाला आहे. गावाजवळच जुन्या रस्त्यावर त्याचे पंक्चरचे दुकान आहे. मी आजवर समोरून जाताना मान दुसरीकडे वळवीत असे. भाऊबीजेच्या दुपारी माझ्या स्कूटरचे चाक बसले. देवालाच हवे असावे. ढकलत त्याच्याच दुकानाशी जावे लागले. नात बरोबर होती. त्याने खुर्ची पुसून दिली, "बसा गुर्जी" म्हणाला. केस पिकले आहेत त्याचे. मी चाकाकडे पाहत म्हटले, "तू एकदा मला 'इज'चं विचारलं होतंस. आठवतं?"

"हाव नं. उभं केलं होतं तुमी मले."

"तू बरोबर होतास. मी चुकलो होतो."

तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहत होता. वर न पाहताच म्हणाला, "थे जाऊ द्या. पन मंग 'इज' मंदी थो काय करून राह्यला, थे तुमी अजून सांगतलंच नाई."

मी त्याला सांगितले. तो काही करीत नाही. राम आणि पोरगा यांना एकत्र धरून ठेवतो आणि हे आजचे की कालचे तेवढे सांगतो. त्याने क्षणभर विचार केला आणि शेजारी ट्रकखाली लावलेल्या जॅककडे बोट दाखवले. "म्हंजे ह्या जॅकसारखा. गाडी चालवत नाई, पन हा काढला त सगळं खाली."

नातीने पिशवीतून तो कागद काढला. मला वाटले, ती 'इज'ला गोल करते आहे. पण तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर जॅकचे चित्र काढू लागली. सुटी संपल्यावर तो कागद तपासायला जाईल. त्यावर पालकांची सही लागते. ती मी केली आहे, आणि सहीखाली माझा फोन नंबर लिहिला आहे.